तेरा मिनिटांत देश बंद

जानेवारी २०११. इजिप्तमध्ये होस्नी मुबारक यांच्या राजवटीला तिसावं वर्ष. ब्लॉग आणि फेसबुकवर सुरू झालेला असंतोष आता रस्त्यावर यायला निघालेला. (वेळा कैरोच्या.)

मंगळवार, २५ जानेवारी
पोलिसांच्या मारहाणीत मेलेल्या अलेक्झांड्रियाच्या तरुणाच्या नावाने चाललेल्या ‘आम्ही सारे खालेद सईद’ या फेसबुक पानाने हाक दिली होती. हजारो लोक कैरोच्या तहरीर चौकात जमतात. ट्विटर अडवलं जातं.

बुधवार, २६
फेसबुकही अडतं. ब्लॉगर परदेशी प्रॉक्सीची वाट धरतात आणि इतरांनाही दाखवतात.

गुरुवार, २७, रात्र
एसएमएस जाईनासे होतात. उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर मोर्चे निघणार, हे मात्र आधीच सगळीकडे पोचलेलं. फेसबुक पान चालवणारा वाएल घोनिम याला साध्या वेशातले लोक उचलून नेतात.

शुक्रवार, २८, रात्री १२.१२
नेट पुरवणारी टेलिकॉम इजिप्त ही कंपनी जगाच्या नेटवरून गळू लागते. १२.१३ ला राया, १२.१७ ला लिंक इजिप्त, १२.१९ ला एतिसलात मिस्र, १२.२५ ला इंटरनेट इजिप्त.

समुद्राखालची एकही केबल तोडलेली नाही. प्रत्येक कंपनी जगभरच्या राउटरांना सतत कळवत असते, ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत.’ ते कळवणंच बंद केलं. सुमारे साडेतीन हजार मार्ग पुसले गेले. इजिप्तच्याच भूमीवरून युरोप-आशिया जोडणाऱ्या केबल मात्र बिनबोभाट चालू. नूर नावाची एक कंपनीही वाचते; शेअर बाजार तिच्यावर चालतो. नूरच्या ग्राहकांनी वायफायचा पासवर्ड काढावा, शेजाऱ्यांना वापरू द्यावं, असं आवाहन फिरतं.

सकाळ
मोबाइलही मुके. सरकारचा आदेश आहे आणि कायद्याने तो पाळणं भाग आहे, असा व्होडाफोनचा खुलासा. सरकारच्या हाताशी २००३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम ६७.

दुपार
नमाज संपते. घरच्यांची खबर लागत नाही, बातमी कळत नाही. मग बाहेर पडण्यावाचून गत्यंतर काय? कैरोतल्या कस्र अल-निल पुलावर अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे.

संध्याकाळी ६
संचारबंदी लागते, ती कुणी जुमानत नाही. सत्ताधारी पक्षाचं मुख्यालय पेटतं. पोलीस रस्त्यावरून नाहीसे होतात, रणगाडे येतात. इकडे फ्रान्समधली एफडीएन ही छोटी संस्था जुन्या डायल-अप मोडेमसाठी नंबर खुला करते. लँडलाइन अजून चालू आहे. युजरनेम ‘तोतो’, पासवर्डही ‘तोतो’.

बुधवार, २ फेब्रुवारी, सकाळी ११.३० च्या सुमारास
नेट परत येतं. ११ तारखेला मुबारक जातात.

मे २०११ मध्ये कोर्टाने या बंदीपायी मुबारक आणि त्यांच्या दोन साथीदारांना ५४ कोटी इजिप्शियन पौंडांचा दंड ठोठावला. २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने तो रद्द केला. देशाचं नेट तोडायला अचाट तंत्रज्ञान लागत नाही. कायद्यातलं एक कलम आणि मान डोलावणाऱ्या चार-पाच कंपन्या पुरतात. आपल्याकडे असे आदेश प्रसिद्ध करायलाच हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं आहे. तुमच्या जिल्ह्यात नेट बंद झालं, तर आधी तो लेखी आदेश मागा.