पाच बादल्यांचं धुणं

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. वॉशिंग मशीन घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कोणतं. जुनं दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक गंजून गंजून शेवटी बंद पडलं. दुकानदार म्हणतो, "सर, फ्रंट लोड घ्या. वरून कपडे टाकायच्या ऑटोमॅटिकला शंभर-सव्वाशे लिटर लागतं, याला पन्नास-साठ. बीडसाठी हेच."

बीडसाठी! हा शब्द मला बरोबर लागला. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. आला की हौद, टाकी, पिंप, पातेली, सगळं भरून घ्यायचं. बाकी दिवस बोअर, नाहीतर टँकर. तेव्हा पाणी वाचवणारं मशीन म्हटल्यावर मी विरघळलोच. किंमत जुन्याच्या जवळजवळ तिप्पट, तरीही.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पाच बादल्यांत होतंय की धुणं. त्याला कशाला एवढे पैसे?"

आमची बादली सोळा लिटरची. पाच बादल्या म्हणजे ऐंशी लिटर. मशीन वाचवणार वीस-पंचवीस. आणि आईच्या शेवटच्या बादलीतलं पाणी गटारात जातच नाही. त्यात फरशी पुसली जाते, मग ते संडासात पडतं. हा हिशेब धरला तर आई मशीनला केव्हाच हरवते. मी गप्प बसलो. पण विषय डोक्यातून जाईना.

थोडं विषयांतर करतो. आमच्या गावापासून पाच-सहा किलोमीटरवर खजाना बावडी आहे. 1582 च्या सुमाराची. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधून घेतली आणि राजा भास्कर हा तिचा रचनाकार, असं सांगतात. गंमत अशी की ही विहीर पाणी उपसायसाठी नाहीच. जमिनीखालून दोन वाटांनी पाणी आत येतं आणि तिसऱ्या वाटेनं बलगुजारच्या शेतांकडे निघून जातं. मोट नाही, पंप नाही, नुसता उतार. पाहुणे आले की आम्ही त्यांना बावडी दाखवतो आणि आपणच बांधल्यासारखे मिरवतो.

पण त्या दिवशी वाटलं, चारशे वर्षांपूर्वी शेतापर्यंत पाणी आपापलं चालत जायचं. घरात मात्र ते कधीच आपणहून आलं नाही. ते कुणाच्या तरी डोक्यावरून आलं, आणि ते डोकं बहुतेक वेळा बाईचं होतं.

आई लग्न होऊन आली 1971 मध्ये. पुढच्याच वर्षी तो दुष्काळ. बीड जिल्ह्यात बहात्तर म्हटलं की पुढे "चा दुष्काळ" म्हणावं लागत नाही. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, सुकडी खायची, परदेशातून आलेला लाल मिलो दळायचा. आई सांगते, तेव्हा लुगडं आठवड्यातून एकदा धुवायचं. तेही नदीच्या पात्रात झरा उकरून, वाटी-वाटीनं पाणी भरून. विसळलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच पोरांची लंगोटी. पाच बादल्यांची शिस्त तिथली आहे.

नंतर यंत्रानं खडक फोडून विंधनविहिरी आल्या, त्यांच्यावर हापसे बसले. ओढा आटला तरी गावात पाणी राहिलं, ही मोठीच गोष्ट. पण ते पाणी पडलं जड. साध्या साबणाला त्यात फेस येईना, नुसता चिकट साका धरायचा. धुण्याची पावडर जड पाण्यातही फेस द्यायची, म्हणून ती घराघरात शिरली असं मला वाटतं. आणि फेस काढायला पुन्हा पाणी! पुढे वॉशिंग मशीन आलं. व्हिडिओकॉन तर आपल्या मराठवाड्यातलंच, औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना. यंत्र आमच्या विभागात तयार होत होतं, पण त्याला लागणारं पाणी आमच्याकडे नव्हतं.

2016 चा उन्हाळा आठवा. आमच्याच केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि त्यावर जगणाऱ्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. बीडच्या पाण्याची गोष्टही काही कमी नाही. बिंदुसरेचं पाणी सिंदफणेला मिळून माजलगावच्या धरणात उतरतं, आणि तिथून पंपानं उलटं वर शहरात चढवतात. इतकं फिरून आलेल्या पाण्यात मी माझा शर्ट धुतो.

'धुतो' लिहिलं खरं, पण थांबलो. मी कधी धुतला?

मग एका रविवारी घरच्यांना सांगितलं, आज धुणं माझ्याकडे. बायको हसली. आईनं खुर्ची ओढून घेतली, तमाशा बघायला. भिजवणं सोपं होतं. घासणं जमलं. पण चादर पिळताना कंबर अशी धरली की सरळ होता येईना. तीनदा खळबळून काढलं तरी पँटला फेस होताच. बादल्या मोजल्या: आठ. आणि दोन तास. आई म्हणाली, "तीन बादल्या जास्त सांडल्यास." एवढंच. मग सहज म्हणाली, "मला पण आता चादरी होत नाहीत रे." तिचं वय चौऱ्याहत्तर. बोटांची पेरं सुजलेली. हे मी रोज बघत होतो, पण पाण्याच्या हिशेबात कधी धरलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? काहीच नाही. इतकंच कळलं की आमच्या घरात वाचलेल्या पाण्याची किंमत दुसरं कुणीतरी भरत होतं, आणि 'आम्ही बीडकर पाणी जपून वापरतो' असं मी चारचौघांत सांगत होतो.

मशीन घेतलं. फ्रंट लोडच. पुस्तिकेत दिलेला पाण्याचा दाब मिळेना म्हणून गच्चीवरची टाकी चार फूट उंच कट्ट्यावर चढवावी लागली. शेवटी उतारच कामाला आला, राजा भास्करासारखा! क्षार साचतात म्हणून महिन्यातून एकदा ते मोकळंच चालवून साफ करायचं काम माझ्याकडे. मशीनची बाहेर पडणारी नळी आईनं पहिल्याच दिवशी गटारातून उचलून पिंपात सोडली.

पिंप भरलं की हाक मारते. फरशी आता मी पुसतो.