पायरीचा आधार

देवळाचा कळस कोसभरावरून दिसतो. पायरी मात्र पायाखाली आल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही. तरीपण महाराष्ट्रातील थोर माणसांनी या पायरीलाच मोठा मान दिलेला आहे.

पंढरपुरास श्रीविठ्ठल मंदिराच्या महाद्वाराची पहिली पायरी ‘नामदेव पायरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. वारकरी परंपरेप्रमाणे संत नामदेव महाराजांनी इ. स. १३५० मध्ये तेथे समाधी घेतली. भक्तांची पायधूळ आपल्या मस्तकी लागावी, ही त्यांची इच्छा. आज वारकरी त्या पायरीवर पाय न देता मस्तक ठेवतो. श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक इ. स. १६७४ मध्ये रायगडावर झाला. तो गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव कोरविले ते जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर.

गवंडीकामाच्या दृष्टीने पाहिले तरी पहिल्या पायरीचा मान मोठाच ठरतो. उतारावर दगडी पायऱ्या बसविताना काम खालून वर जाते. पहिला चिरा कठीण जमिनीपर्यंत खोदून पक्का बसवितात. दुसऱ्या चिऱ्याची पुढची कड पहिल्याच्या मागच्या कडेवर चार बोटे चढवितात व पोटात दगड-मुरुमाची भर ठोकून घेतात. अशा रीतीने प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर टेकते आणि सर्वांचा रेटा अखेर पहिलीवर येतो. दोन्ही बाजूंचे कठडे केवळ शोभेचे नसतात. ते आतली भर बाहेर सरकू देत नाहीत.

विहिरीत निराळी युक्ती असते. तेथे लांब दगडाचे एक टोक भिंतीत खोल घालतात व बाहेरचे टोक अधांतरी ठेवतात. भिंतीतील टोकावर वरच्या बांधकामाचा भार बसतो, म्हणून माणूस उभा राहिला तरी दगड उलटत नाही. वाड्यातील लाकडी जिन्याच्या फळ्या दोन तिरप्या तुळयांच्या खाचांत बसतात. नाशिक जिल्ह्यातील हरिहर गडाच्या पायऱ्या तर अखंड कातळातच कोरलेल्या आहेत. तेथे डोंगर हाच आधार. इ. स. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो गड घेतला, पण त्या पायऱ्या आजही कायम आहेत.

बसविलेल्या पायरीचा खरा शत्रू माणसाचे पाऊल नसून पावसाचे पाणी होय. सांध्यातून पाणी आत शिरते, मुरूम वाहून नेते व चिरा पोकळीवर राहतो. दगड दाब सोसतो, वाकणे सोसत नाही. म्हणून खालचा आधार गेला की तो मध्यावर तडकतो. पहिली पायरी खचली तर वरची ओळच्या ओळ सुटू लागते. अशा वेळी नुसते वरून सिमेंट फासल्यास तडा झाकला जातो, पोकळी तशीच राहते. जुने पाथरवट हातोडीने ठोकून आवाज ऐकत. बद्द आवाज आला की चिरा उचलून, भर नव्याने ठोकून, तोच चिरा परत बसवीत आणि पाण्याला बाजूने वाट करून देत.

कळसासाठी देणगी देणारे पुष्कळ मिळतात व ते योग्यच आहे. परंतु पायरीखालच्या मुरुमासाठी दिलेला रुपया कोणास दिसत नाही. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया व पालखीचे भोई ज्याच्या भरवशावर पाऊल टाकतात, तो आधार मात्र त्याच रुपयातून उभा राहतो. ही सेवाही श्रीचरणी रुजू होते.