अक्षरांचा ब्राउझर आणि हलणारं पान

तुमच्या फोनवरच्या ब्राउझरमधून चित्रं, रंग, व्हिडिओ, जाहिराती, सगळं काढून टाका. उरतील ती काळ्या पडद्यावरची अक्षरं. असे ब्राउझर खरंच आहेत आणि त्यांतला एक मी रोज वापरते. दूरच्या सर्व्हरवर काम करताना समोर फक्त टर्मिनल असतं, तिथे तोच उपयोगी पडतो. पण हल्ली कितीतरी संकेतस्थळं त्यात एवढंच सांगतात: जावास्क्रिप्ट चालू करा. आता जी गोष्ट मुळात नाहीच, ती चालू कुठून करणार?

ती का नाही, याचा इतिहास मोठा मजेदार आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात 'लिंक्स' तयार झाला. नाव रानमांजराचं. तो लिहिणाऱ्यांपैकी लू मॉन्टुली १९९४मध्ये नेटस्केप कंपनीत गेला. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीत ब्रेंडन आइकने दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. मॉन्टुलीच्या जुन्या लिंक्सला मात्र ती भाषा आजही येत नाही.

१९९९मध्ये मिकुलाश पाटोचका या चेक प्रोग्रॅमरचा दुसरा 'लिंक्स' आला. उच्चार तोच, पण हे नाव दुव्यांवरून. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत जावास्क्रिप्ट आली आणि पुढे चक्क काढून टाकली गेली. याच लिंक्समधून पेत्र बाउडिशने २००१मध्ये 'ईलिंक्स' वेगळा काढला. त्याला मोझिलाचं 'स्पायडरमंकी' हे इंजिन जोडलं गेलं, पण आधार अर्धामुर्धाच राहिला.

इंजिन तर फुकट मिळतं, मग अडतं कुठे? नुसत्या इंजिनाला बेरीज येते, लूप चालवता येतो. पण पान म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसतं. ते त्याला 'डॉम' सांगतो. डॉम म्हणजे पानातल्या प्रत्येक घटकाचं झाड. स्क्रिप्ट या झाडाच्या फांद्या तोडते, नव्या लावते, मजकूर बदलते. जुने अक्षर-ब्राउझर मात्र पान वरून खाली वाचत, ओळी पाडत आणि मोकळे होत. त्यांच्याकडे असं झाड नव्हतंच. त्यात स्क्रिप्ट विचारणार, हा चौकोन किती पिक्सेल रुंद आहे? माऊस कशावर आहे? जिथे पिक्सेल नाहीत आणि माऊसही नाही, तिथे उत्तर काय देणार?

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते 'एडब्राउझ'ने. तो कार्ल डाल्के या अंध प्रोग्रॅमरने लिहिला. बहुतेक अंध वापरकर्ते नेहमीच्याच ब्राउझरवर स्क्रीन रीडर चालवतात. एडब्राउझची रीत वेगळी आहे. जुन्या 'एड' या एडिटरसारखं तुम्ही ओळीचा क्रमांक देता आणि ती ओळ समोर येते. आता स्क्रिप्टने मधलीच ओळ बदलली तर? डोळस माणसाला बदल दिसतो, ओळी ऐकणाऱ्याला तो कळणार कसा? एडब्राउझ पान पुन्हा मांडतो आणि कोणत्या ओळी बदलल्या ते सांगतो. गेल्या काही वर्षांत त्याचं इंजिन स्पायडरमंकीवरून डकटेप, मग क्विकजेएस असं बदलत गेलं. इंजिन आयतं मिळालं, डॉम मात्र स्वतःच लिहावा लागला.

२०१८मध्ये आलेल्या 'ब्राउश'ने सोपी वाट धरली: मागे अख्खा फायरफॉक्स चालवायचा आणि त्याचं चित्र अक्षरांत उतरवायचं. त्याने काम होतं, पण एवढं ओझं घ्यायचं तर अक्षर-ब्राउझरचा हलकेपणा गेलाच.

दरम्यान दारं बंद होत आहेत. २०२४मध्ये जीमेलचं साधं एचटीएमएल रूप बंद झालं. जानेवारी २०२५पासून गूगलवर शोधायलाही जावास्क्रिप्ट लागू लागली. नकाशा किंवा गेम यांना ती लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण बातमी, कविता, सरकारी सूचना वाचण्याआधी एखादा प्रोग्रॅम चालवावा लागणं मला पटत नाही. त्याची किंमत जुना फोन, मंद नेटवर्क आणि ओळीओळीने ऐकणारा वाचक मोजतो.

तुमच्यापैकी कुणी संकेतस्थळ बनवत असेल, तर एकदा जावास्क्रिप्ट बंद करून ते उघडून पाहा. मजकूर तरी उरतो का?