संथ भूकंप

संथ भूकंप : विभंगाच्या (भूकवचातील भेगेच्या) दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून काही दिवस, आठवडे किंवा महिने हळूहळू सरकत राहण्याची घटना; हिलाच मंद सर्पण असेही म्हणतात. नेहमीच्या भूकंपात हेच सरकणे काही सेकंदांत वा मिनिटांत उरकते आणि विध्वंसक लहरी निघतात. मंद सर्पणात तसे हादरे बसत नाहीत. जीपीएस केंद्रांच्या स्थानात पडलेल्या काही मिलिमीटरच्या फरकावरून ते ओळखावे लागते.

1999 च्या उन्हाळ्यात कॅनडातील व्हँकूव्हर बेटाच्या दक्षिण भागातील आणि आसपासची काही केंद्रे नेहमीच्या उलट दिशेने, समुद्राकडे सरकली. हर्ब ड्रॅगर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये याचा उलगडा केला : उत्तर अमेरिकेखाली शिरणाऱ्या भूपट्टाच्या सीमेवर, बऱ्याच खोलीवर, हादऱ्याविना सर्पण झाले होते आणि ते 6.7 महत्तेच्या भूकंपाच्या तोडीचे होते. तेथे अशी घटना साधारण 14 महिन्यांनी घडते. तिच्याबरोबर क्षीण, लांबत जाणारे कंपही येतात. असे कंप जपानमध्ये काझुशिगे ओबारा यांनी 2002 मध्ये प्रथम दाखवून दिले.

मोठ्या भूकंपाशी असलेले मंद सर्पणाचे नाते दुहेरी आहे. सरकलेल्या भागातला ताण उतरतो, पण शेजारच्या घट्ट अडकलेल्या भागावरचा वाढतो. व्हँकूव्हरलगतच्या याच सीमेचा अडकलेला भाग 26 जानेवारी 1700 रोजी तुटला आणि सुमारे 9 महत्तेचा भूकंप झाला; त्याची त्सुनामी जपानपर्यंत पोहोचली.

जपानच्या तोहोकू किनाऱ्याजवळ 9 मार्च 2011 रोजी 7.3 महत्तेचा धक्का बसला. त्यानंतर लहान भूकंपांची रांग पुढच्या महाभूकंपाच्या केंद्राकडे सरकत गेली. त्यामागे मंद सर्पण असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. दोनच दिवसांनी 9 महत्तेचा भूकंप झाला. मेक्सिकोच्या गेरेरो भागात 2014 मध्ये मंद सर्पण चालू असतानाच 18 एप्रिलला 7 हून अधिक महत्तेचा भूकंप झाला. उलटही घडते : न्यूझीलंडमधील नोव्हेंबर 2016 च्या काइकोरा भूकंपाने शेकडो किलोमीटर दूर, उत्तर बेटालगत, मंद सर्पण सुरू केले.

तरीही मंद सर्पण दिसताच मोठ्या भूकंपाचा इशारा देणे चुकीचे ठरेल. व्हँकूव्हरखाली अशी अनेक सर्पणे नोंदली गेली, पण महाभूकंप झालेला नाही. कोणते सर्पण विरून जाईल आणि कोणते पुढे फुटेल, हे आधी सांगणारी पद्धत आज उपलब्ध नाही.

सर्पण सागरी खंदकाजवळ असले तर किनाऱ्यावरच्या जीपीएसला ते नीट टिपता येत नाही. म्हणून समुद्रतळावर दाबमापक बसवणे अत्यंत गरजेचे आहे. न्यूझीलंडच्या गिझबोर्नसमोर 2014 मध्ये अशा उपकरणांनी तळापासून जेमतेम 2 किमी. खोलीपर्यंत पोहोचलेले सर्पण टिपले. 1947 मध्ये त्याच परिसरात त्सुनामी उठवणारे भूकंप झाले होते. त्यामुळे आज संथपणे सरकणारा विभंग कायमचा निर्धोक मानता येत नाही.