शिकारीचा सरंजाम

मराठी दरबारांत हिवाळी शिकारीचा तळ पडावयाचा, तर त्याचा सरंजाम निरनिराळ्या कारखान्यांतून जमे. तंबू, कनाती, सतरंज्या फरासखान्यातून. शस्त्रे शिलेखान्यातून, हत्ती पीलखान्यातून, स्वयंपाकाचे साहित्य मुदपाकखान्यातून, तर पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आबदारखान्याकडे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९२० साली वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. शिकाऱ्याचे नाव अशा ग्रंथांतून राहते. सामान मोजून देणाऱ्या आपल्या पूर्वज कारकुनाचे मात्र मोडी यादीतच सापडावयाचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार बंद झाली, हे उचितच झाले. परंतु घरातील जुन्या पेट्यांतून अशा याद्या निघाल्यास त्या रद्दीत घालू नयेत, एवढीच आमची विनंती आहे.