शहाबादी फरशीचा रेल्वेमार्ग

आपल्याकडच्या जुन्या घरात कोणत्याही बाईला विचारा, ही फरशी कुठली? उत्तर ठरलेलं: "शहाबादी." तिच्यावर आपण पापड लाटले, शेवया वाळवल्या, उन्हाळ्यातल्या दुपारी उघड्या पाठीनं मुलं झोपवली. पण शहाबाद नेमकं कुठं, असं पुढं विचारलं की बऱ्याचजणी थांबतात. कलबुर्गी जिल्ह्यातलं ते गाव. सोलापूरहून रायचूरकडं जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, कलबुर्गीच्या पुढं आणि वाडी जंक्शनच्या अलीकडं.

गंमत अशी, की हा दगड एकट्या शहाबादचा नाहीच. वाडी, चित्तापूर, सेडम, सगळ्या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडीचे आडवे थर पसरलेत, वहीची पानं एकावर एक रचावीत तसे. पहार घालून थर उचकटला की जवळजवळ सपाट लादीच हाती येते. मग नाव शहाबादचंच का? माझ्या मते उत्तर रेल्वेत आहे. माल ज्या स्टेशनवर वाघिणीत चढला, त्या स्टेशनचं नाव मालाला चिकटलं. याच पट्ट्यात सिकंदराबादच्या वाटेवर तांदूर स्टेशन आहे आणि बाजारात 'तांदूर'ही दगडाचंच नाव आहे. ज्या खेड्यांच्या शिवारातून दगड निघाला त्यांची नावं खाणीतच राहिली. डोक्यावर चुंबळ ठेवून खाणीतले तुकडे वाहणाऱ्या बाईचं नाव तर कुणी कधी विचारलंच नाही.

रूळ या भागात आले ते आपल्यासाठी नव्हे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६० मध्ये 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' कंपनीचे रूळ सोलापूरला पोहोचले आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांशी त्यांची गाठ पडली. मुंबई आणि मद्रास जोडायचं होतं, वाटेत निजामाचा मुलूख होता, एवढंच. जमीन निजामाची, पण रुळांखालच्या पट्टीवर कायदा इंग्रजांचा. म्हणजे शेत ओलांडून रुळावर पाय ठेवला की राज्य बदलायचं! रुपयेसुद्धा दोन. निजामाचा 'हाली' आणि इंग्रजांचा 'कलदार', त्यात हाली हलका. मराठवाड्यातल्या आज्यांच्या तोंडी 'कलदार' हा शब्द परवापरवापर्यंत होता, तो त्या दिवसांचा.

हैदराबाद मात्र या मार्गापासून दूर राहिलं होतं. म्हणून सालारजंगांच्या दिवाणगिरीत, निजामाच्या खर्चानं, वाडीहून सिकंदराबादपर्यंत वेगळा फाटा टाकला गेला. १८७४ मध्ये तो सुरू झाला आणि वाडी या साध्या नावाच्या गावाचं जंक्शन झालं. पुढं हा मार्ग चांद्याकडं वाढवण्याची योजना निघाली, तेव्हा ती कोणत्या अटींवर करायची यावरून हैदराबादेत मोठा वाद पेटला. त्या वादात पडल्याबद्दल १८८३ मध्ये प्राध्यापक अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना हद्दपार केलं गेलं. सरोजिनी नायडूंचे हे वडील. सरोजिनीबाई तेव्हा चार वर्षांच्या होत्या. रेल्वेचा इतिहास वाचताना आपण इंजिनं आणि पूल मोजतो, एका घराला त्यापायी गाव सोडावं लागलं हे तळटीपेत जातं.

जुन्या रुळांच्या खुणा म्हटलं की आपण गंजलेलं लोखंड शोधतो. वाडीत सगळ्यात जुनी खूण डोळ्यांना दिसत नाही, ती कारभारात आहे. १९५१ मध्ये दोन्ही रेल्वे 'मध्य रेल्वे'त आल्या, १९६६ मध्ये 'दक्षिण मध्य' वेगळी झाली, आणि आज वाडी स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, तर सिकंदराबादची वाट दक्षिण मध्यकडं. निजाम गेला, कंपनी गेली, १९५६ मध्ये हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, पण १८७४ चा सांधा हद्द म्हणून अजून जागेवर आहे.

फरशीच्या दगडाला दुसरं गिऱ्हाईक मिळालं ते सिमेंटचं. शहाबादला सिमेंट कंपनी निघाली आणि १९३६ मध्ये देशातल्या इतर कंपन्यांबरोबर ती एसीसीत सामील झाली. पुढं वाडीला मोठा कारखाना झाला, शहाबादच्या कारखान्याचे मालक बदलत गेले, आणि पट्ट्याचं वजन हळूहळू वाडीकडं सरकलं. फरशीला अखंड थर लागतो, सिमेंटला भुगा चालतो. आता तर सिमेंटच्याच भरवशावर नव्या इमारतींत चकचकीत टाइल्स बसतात आणि शहाबादी उखडून फेकली जाते. तिच्यावर लिंबू-चिंच सांडली की डाग पडतो ही आपली जुनी तक्रार. चुनखडीच ती, आंबटाला उत्तर देणारच!

कारखाना आला की मुख्य मार्गावरून एक सायडिंग आत जातं. कारखाना हलला किंवा माल ट्रकनं जाऊ लागला, की हे सायडिंग आधी गवतात जातं, मग भंगारात. तरी ते पुरतं पुसलं जात नाही. गाडीला बैलगाडीसारखं काटकोनात वळता येत नाही, चढही फार चालत नाही. त्यामुळं कारखान्याच्या वस्तीत एखादा रस्ता उगीचच लांबलचक, हलक्या वळणानं जात असेल, किंवा घरांच्या दोन ओळींमध्ये अरुंद लांबट पट्टी मोकळी सुटली असेल, तर तिथं पूर्वी रूळ असण्याचा संभव मोठा. रुळांचे तुकडे कुंपणाला खांब म्हणून उभे असतात, गोठ्याला तुळई म्हणूनही. अशी पट्टी कुणाची, रेल्वेची की कारखान्याची, हा प्रश्न तिच्यावर झोपडी बांधलेल्या बाईसाठी इतिहासाचा नसतो. कागद तिच्या नावाचा नसतो, आणि नवा रस्ता आखताना पहिली नजर याच मोकळ्या पट्टीवर जाते.

वाडीहून सिकंदराबादच्या वाटेवर चित्तापूर गेलं की एक स्टेशन लागतं, 'मळखेड रोड'. हे 'रोड' म्हणजे गाव इथं नाही, वाट धरून पुढं जा. त्या वाटेनं गेलात की कागिणा नदीकाठी राष्ट्रकूटांचं मान्यखेट. अमोघवर्षाची राजधानी. त्याचे गुरू जिनसेनाचार्य, ज्यांचं अपुरं राहिलेलं महापुराण शिष्य गुणभद्रांनी पुरं केलं. नेमिनाथ बसदी अजून आहे, किल्ल्याच्या भिंतीही उभ्या आहेत. या राजधानीचा दगडही आपल्या स्वयंपाकघरातल्याच जातीचा. त्याच मळखेडला आता सिमेंटचा मोठा कारखाना आहे. तीर्थाला म्हणून उतरणाऱ्या आपल्या बायका धुराडी बघून नाक मुरडतात. मला तसं वाटत नाही. त्या गावाला पोट आहे आणि कारखान्यानं ते भरलं. फक्त खाण बसदीपासून किती अंतरावर थांबते, याकडं कुणाचं तरी लक्ष हवं, आणि ते आपलं का नसावं?

इकडं बीदरची कथा निराळी. बीदरला रेल्वे निजामाच्या काळातच आली, पण विकाराबादहून. त्यामुळं कलबुर्गीला आगगाडीनं जायचं तर विकाराबाद, तांदूर, वाडी असा मोठा वळसा. शेजारच्या जिल्ह्यात मुलगी दिली तरी माहेरी येताना एसटीच बरी वाटायची. २९ ऑक्टोबर २०१७ ला बीदर-कलबुर्गी थेट मार्ग सुरू झाला, साधारण ११० किलोमीटरचा, आणि वाडीच्या फलाटावर गाडी बदलायला पोरंबाळं, पिशव्या घेऊन ताटकळणं त्या दोन गावांपुरतं संपलं.