अध्याहार व सर्वनामनिर्देश (इंग्रजी वाक्यातील)

वाक्यात प्रत्यक्ष न उच्चारलेले, परंतु पूर्वापर संबंधाने गृहीत धरावयाचे पद ते अध्याहृत. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा स्थानकाचा उतारू ‘नरडाण्याला उतरलो आणि धुळ्याला गेलो’ असे म्हणतो तेव्हा कर्ता वगळूनही अर्थ अबाधित राहतो, कारण पुरुषाची, आणि बहुधा लिंग व वचन यांचीही, नोंद क्रियापदाच्या प्रत्ययातच झालेली असते. इंग्रजी क्रियापद याबाबतीत दरिद्री. म्हणून तेथे आज्ञार्थ सोडल्यास कर्ता बहुधा हजर ठेवावा लागतो, इतका की पावसाच्या वाक्यातही कशाचाच निर्देश न करणारे ‘इट’ निव्वळ हजेरीपुरते उभे असते. ‘रामा वेन्ट टू धुळे अँड गोविंदा टू नरडाणा’ यात दुसरे क्रियापद गाळण्याची सवलत मात्र मराठीलाही आहे.

सर्वनामाचे प्रकरण अधिक नाजूक. ‘रामा शोड गोविंदा हिज फील्ड’ यातील शेत रामाचे की गोविंदाचे, याचा निवाडा केवळ व्याकरणाने होत नाही. मराठीत ‘आपले शेत’ म्हटले की ते सामान्यतः दाखविणाऱ्या रामाचे, आणि ‘त्याचे’ म्हटले की बहुधा दुसऱ्याचे. इंग्रजी सर्वनामाच्या या संदिग्धतेमुळेच तेथील कायदेशीर दस्तऐवजांत सर्वनाम टाळून नामच पुनःपुन्हा लिहिण्याचा, रूक्ष खरा परंतु सोयीचा, रिवाज पडला. मराठी दस्तांत हेच काम ‘वर सांगितलेला’ या अर्थाचे ‘सदरहू’ आणि ‘मजकूर’ हे शब्द करीत.